गाडी थांबली, पण सांगणार कोण?

गेल्या काही महिन्यांत मॉडेल रेल्वेवाल्या दोन-तीन मित्रांशी माझा एकाच विषयावर वाद झाला. विषय ऐकला तर हसाल. छोट्या रेल्वेच्या रुळांत शॉर्ट सर्किट झालं, तर त्याचा आवाज व्हावा की नाही? मित्रांचं म्हणणं असं की वीज आपोआप बंद होते, गाडी थांबते, नुकसान टळतं, मग वर आणखी बोंब कशाला? माझं म्हणणं असं की आवाज हवाच. म्हटलं, तोंडी वाद पुरे झाले, एकदा सगळं नीट लिहून काढावं.

ज्यांना या खेळातलं काहीच ठाऊक नाही (म्हणजे आमची बहुतेक नातेवाईक मंडळी), त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी मुलाबाळांना घेऊन पाहिलं असेल. तसलाच प्रकार, फक्त घरातल्या टेबलावर. सगळ्यात लोकप्रिय माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान गाडी, आणि दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

जुन्या पद्धतीत रुळांमध्ये साधी डीसी वीज सोडायचे. नॉब फिरवला की व्होल्टेज वाढायचं, गाडी पळायची. ट्रान्सफॉर्मर असायचा एखाद्या अँपियरचा. शॉर्ट झालं तर तो बिचारा गुणगुणायचा, तापायचा आणि बंद पडायचा. एकाच रुळावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या म्हणजे रुळांचे तुकडे आणि स्विचांचं जंजाळ. मग आली डिजिटल पद्धत, म्हणजे डीसीसी. तिचा पाया जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामाचा, आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ साली तिची मानकं जाहीर केली. यात रुळांमध्ये कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओसाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्या उलटसुलटीतूनच संदेश जातो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो 'एक', १०० किंवा त्याहून मोठी असेल तर 'शून्य'. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर असतो. तो आपल्या नंबरचा संदेश तेवढा उचलतो आणि मोटर चालवतो. एकाच रुळावर दहा गाड्या, दहा वेग. जादूच आहे!

या जादूची किंमत मात्र आहे. रुळांना वीज देणारा बूस्टर तीन ते पाच अँपियरचा असतो, मोठ्या लेआउटवर त्याहूनही मोठा. पाच अँपियर गुणिले पंधरा व्होल्ट म्हणजे पंचाहत्तर वॅट. आपण सोल्डरिंगला वापरतो ती इस्त्री पंचवीस वॅटची असते. तिच्या तिप्पट उष्णता चाक आणि रूळ जिथे टेकतात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी निर्माण होऊ शकते. प्लॅस्टिकची बोगी वितळते, चाकावर खड्डे पडतात, इंजिनातली केसाएवढी वायर जळते. शॉर्ट व्हायला काही मोठं कारणही लागत नाही. सांधा एका बाजूला लावलेला आणि गाडी दुसऱ्या बाजूने आली, एखादा डबा घसरून आडवा झाला, वळसा घालून परत त्याच मार्गावर येणाऱ्या लूपमध्ये डावा-उजवा रूळ जुळला नाही, किंवा कुणी रुळावर स्क्रूड्रायव्हर विसरलं, झालं काम.

यावर उपाय आहेत, आणि चांगले आहेत. लेआउटचे तीन-चार विभाग पाडायचे आणि प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर लावायचा. शॉर्ट झालं की तो मिलिसेकंदांत त्या विभागाची वीज तोडतो. बाकीचे विभाग सुरूच राहतात. थोड्या वेळाने तो स्वतःच पुन्हा वीज सोडून बघतो. अडथळा गेला असेल तर गाडी चालू, नसेल तर पुन्हा बंद. घरातल्या एमसीबीसारखं, पण कुणी उठून खटका वर करायची गरज नाही.

मित्रांचा युक्तिवाद इथेच थांबतो. माझा इथे सुरू होतो.

हे सगळं घडताना लेआउटवर दिसतं काय? एक गाडी थांबलेली दिसते. बस्स! छोट्या रेल्वेत गाडी थांबण्याची कारणं शंभर असतात. सिग्नल लाल असेल, रूळ मळला असेल, डिकोडर रुसला असेल, शेजारी उभ्या असलेल्या गड्याने मुद्दाम थांबवली असेल. ब्रेकरवर एक बारीकसा लाल दिवा लागतो खरा, पण ब्रेकर असतो टेबलाखाली. आणि बाकीच्या विभागांतल्या गाड्या मजेत धावत असतात, त्यामुळे आपलं लक्ष त्यांच्याकडे. विभाग पाडले की नुकसान कमी होतं, पण बिघाड लपतोही. संपूर्ण लेआउट बंद पडला असता तर निदान कळलं तरी असतं.

तिकडे टेबलाखाली ब्रेकर दर काही सेकंदांनी पुन्हा वीज सोडून बघतोय, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी एक छोटा चटका बसतोय. एक-दोन चटक्यांनी काही होत नाही, पण कुणाचं लक्ष न जाता पंधरा-वीस मिनिटं हेच चालू राहिलं तर?

दुसरा धोका मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. समजा, गाडी शॉर्टमुळे थांबली आणि हॅंडल हातात असलेल्याला ते कळलं नाही. तो काय करतो? वेग वाढवतो! गाडी हलत नाही म्हणून आणखी वाढवतो, पूर्ण टोकापर्यंत. कमांड स्टेशन ती आज्ञा लक्षात ठेवतं आणि पुनःपुन्हा पाठवत राहतं. मग कुणीतरी दुसऱ्या टोकाला घसरलेला डबा उचलतो, वीज परत येते आणि इंजिन शेवटच्या आज्ञेप्रमाणे पूर्ण वेगाने सुटतं. पुढच्या वळणावर ते टेबलावरून खाली. जमीन तीन-चार फूट खोल, आणि इंजिनाची किंमत हजारोंच्या घरात. वीज तोडणाऱ्या ब्रेकरने आपलं काम चोख केलं होतं. फक्त ते केल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं.

खऱ्या रेल्वेवाल्यांना हे शहाणपण फार पूर्वी आलं. १८४१ साली एडवर्ड काउपर या इंग्रज इंजिनिअरने रुळावर बांधायचा फटाका काढला. धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा चाकाखाली फटाका फुटला की ड्रायव्हरने सावध व्हायचं. आपल्याकडे उत्तरेत हिवाळ्याच्या धुक्यात अशा फटाक्यांचा वापर होत आला आहे. पुढे १९०६ साली इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने हेन्लीच्या शाखेवर एक व्यवस्था बसवली. रुळांच्या मधोमध एक लोखंडी पट्टी, आणि इंजिनाच्या खाली तिला घासणारा बूट. सिग्नल मोकळा असेल तर पट्टीत वीज असायची आणि इंजिनात घंटी वाजायची. सिग्नल सावधानतेचा असेल तर पट्टीत वीज नसायची आणि इशाऱ्याची शिट्टी वाजायची. म्हणजे वायर तुटली, बॅटरी संपली, तरी वाजणार ती इशाऱ्याचीच शिट्टी. बिघाड झाला तर तो सावधगिरीच्या बाजूला झुकावा, ही त्यातली खरी अक्कल.

त्याही आधी, १८७२ साली, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं होतं. त्यात एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, आणि मध्ये रूळ हीच वायर. गाडी आली की तिची चाकं दोन रूळ जोडतात, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. गंमत बघा, आपल्याकडे जो अपघात, तो खऱ्या रेल्वेत रोजचा निरोप! रूळ शॉर्ट झाले म्हणजे 'इथे गाडी आहे'. आणि इथेही तेच तत्त्व, वायर तुटली तरी रिले पडतोच. आपण डबे, इंजिनं, स्टेशनं, खडी, अगदी फलाटावरची माणसंसुद्धा खऱ्यासारखी करायला धडपडतो. मग हे तत्त्व तेवढं कशाला सोडायचं?

आता आवाज कसा करायचा, ते सांगतो. खर्च किरकोळ आहे, लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं मिळतं.

पहिला मार्ग दोन रिलेंचा. ब्रेकरच्या आधी एक १२ व्होल्टचा रिले आणि ब्रेकरच्या नंतर दुसरा. रुळांतली वीज उलटसुलट असल्यामुळे दोघांच्याही आधी ब्रिज रेक्टिफायर लावायचा. बझरला स्वतंत्र १२ व्होल्टचा ॲडाप्टर. जोडणी अशी की पहिला रिले चालू आणि दुसरा बंद असेल तरच बझर वाजावा. म्हणजे आपण रात्री सगळं बंद केलं तर आवाज नाही, पण मागून वीज येतेय आणि पुढे जात नाही असं झालं की लगेच आवाज. दुसऱ्या रिलेची वायर निसटली तरीही आवाज. म्हणजे थोड्या प्रमाणात ग्रेट वेस्टर्नचीच अक्कल.

दुसरा मार्ग त्याहून साधा, आणि ज्यांच्याकडे महागडे ब्रेकर नाहीत त्यांच्यासाठी. मोटारीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब विभागाच्या एका वायरमध्ये सिरीजमध्ये लावायचा. ही युक्ती परदेशात अनेक वर्षं चालत आली आहे. एरवी बल्ब थंड असतो आणि त्याला फारसं व्होल्टेज लागत नाही. शॉर्ट झालं की बल्ब पेटतो आणि करंट दोन अँपियरच्या आसपास रोखून धरतो. यात माझी भर एवढीच की त्या बल्बच्या दोन टोकांवर, छोट्या ब्रिज रेक्टिफायरमधून, एक बझर जोडून टाका. बल्ब पेटला की बझर वाजणारच, कारण दोघांना मिळणारं व्होल्टेज तेच. फक्त ज्या विभागात एका वेळी तीन-चार इंजिनं ओढत असतात तिथे हे करू नका, शॉर्ट नसतानाच बल्ब लुकलुकेल. आणि बल्ब थर्माकोलच्या डोंगरापासून लांब ठेवा, तो चांगलाच तापतो.

आता आक्षेपांकडे वळतो. "माझ्या सिस्टिममध्ये आवाज आहेच." असेल. डिजिट्रॅक्सची काही कमांड स्टेशनं शॉर्ट झालं की पिप-पिप करतात. पण तो आवाज एकाच ठिकाणाहून येतो. शॉर्ट कुठे झालं हे त्यातून कळत नाही, आणि खरा वेळ तर शोधण्यातच जातो. म्हणून बझर त्या त्या विभागाच्या खालीच बसवावा. कान आपोआप तिकडे वळतो.

"कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतं की!" स्क्रीनकडे बघायला माणूस लागतो. हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलांड २००१ पासून सुरू आहे, हजाराहून जास्त डिजिटल गाड्या आहेत आणि त्यावर लक्ष ठेवायला नियंत्रण कक्षात पगारी माणसं बसलेली असतात. आपल्या घरी डोळे गाडीवर असतात, आणि ते तिथेच असावेत. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. कान मात्र मोकळे असतात.

"सारखं वाजत राहील आणि मग कुणी लक्षच देणार नाही." हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आवाजाच्या डिकोडरमध्ये कपॅसिटर असतात. वीज सुरू होताना ते एकदम करंट ओढतात आणि ब्रेकरला क्षणभर शॉर्टच वाटतं. तेव्हा बझरला अर्ध्या सेकंदाचा उशीर द्यावा, म्हणजे असली क्षणिक प्रकरणं गाळली जातील. आणि हा बझर फक्त शॉर्टसाठीच राखून ठेवावा. गाडी स्टेशनात आली, सांधा बदलला, लाइट लागले, अशा प्रत्येक गोष्टीला टिंगटिंग लावण्याचा मोह काही जणांना होतो. तो आवरावा. इशाऱ्याचा आवाज जितका विरळ, तितकी त्याला किंमत.

आवाज कसला असावा, यावरही माझं ठाम मत आहे. बाजारात सहज मिळणारा पिझो बझर साधारण तीन-चार किलोहर्ट्झवर किंचाळतो. वय वाढलं की कान सगळ्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात, आणि आमच्या या छंदात बहुतांश मंडळी निवृत्त! म्हणजे ज्याला इशारा द्यायचा त्यालाच तो ऐकू जाणार नाही. शिवाय असा एकसुरी बारीक आवाज नेमका कुठून येतो हे तरुण कानांनाही पटकन कळत नाही. त्यापेक्षा आपल्या लहानपणी दारावर असायचा तो टर्रर्र करणारा जुना बझर बरा. खरखरीत, जाडा, ओबडधोबड. दिशा लगेच कळते, आणि कुठल्याही इंजिनाच्या शिट्टीशी त्याचा घोटाळा होत नाही.

आणि हो, बझर कायमचा बंद करायचं बटण ठेवू नका. एकदा बंद केलेलं बटण पुन्हा चालू करायची आठवण कुणालाही राहत नाही. फार तर मिनिटभर गप्प करणारं ठेवा.

एक मर्यादाही सांगायला हवी. ब्रेकरवर बसवलेला बझर ब्रेकरपेक्षा शहाणा नसतो. वायर बारीक असेल किंवा सांधे ढिले असतील, तर शॉर्ट होऊनही ब्रेकर पडेल इतका करंट वाहतच नाही. मग ब्रेकरही गप्प, बझरही गप्प, आणि उष्णता मात्र चालू. म्हणून मुख्य वायर जाड हवी, आणि खेळ सुरू करण्याआधी नाण्याची परीक्षा हवी. प्रत्येक विभागात, विशेषतः ब्रेकरपासून लांबच्या टोकाला, दोन रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं (किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवायचा). लगेच टर्र झालं पाहिजे. नाही झालं तर ताबडतोब उचला आणि आधी वायरिंग बघा. या एका परीक्षेत वायर, ब्रेकर, बझर तिन्ही तपासले जातात.

हे सगळं तंत्राचं झालं. माझ्या हट्टामागचं खरं कारण मात्र वेगळं आहे.

घरातली रेल्वे आपण एकटे चालवत नाही. शनिवार-रविवारी भाचेकंपनी येते, कुणाचे आजोबा येतात, शेजारचा मुलगा येतो. त्यांच्या हातात आपण हॅंडल देतो. गाडी अचानक थांबते, आणि सात वर्षांचा मुलगा काय समजतो? 'माझ्या हातून मोडली.' तो कुणाला सांगत नाही. हळूच हॅंडल खाली ठेवतो आणि आईजवळ जाऊन बसतो, नाहीतर घाबरून नॉब फिरवत बसतो. मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं. "आम्हाला नाही बाई जमत तुमचं हे यंत्र," म्हणून पाहुण्या मंडळींनी हॅंडल परत देताना मी अनेकदा पाहिलंय. यंत्र आपला बिघाड सांगत नाही, तेव्हा तो जवळच्या माणसाच्या नावावर जमा होतो. हे मला मुळीच पटत नाही. बझर वाजला की त्या मुलाला कळतं की बिघडलंय ते रुळांत, माझ्या हातात नाही. नॉब शून्यावर आणायचा आणि मामाला हाक मारायची, एवढं त्याला सांगून ठेवलेलं असतं. मग तोच टेबलाखाली वाकून आवाज कुठून येतोय ते शोधतो, आणि घसरलेला डबा आपल्या आधी त्याला सापडतो! :-)

माझे मित्र म्हणतात, आवाजाने त्या छोट्या जगाची मोहिनी भंगते. भंगू दे की दोन मिनिटं. वितळलेल्या बोगीने आणि हिरमुसलेल्या पाहुण्याने ती जास्त भंगते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी आमच्याकडे याल आणि टेबलाखालून टर्रर्र ऐकू आलं, तर दचकू नका. नॉब शून्यावर आणा, मला हाक मारा, आणि तोवर खाली वाकून शोधायला लागा. चहा त्यानंतर.